क्राउनचं आवर्तन

इंजिन ऑइल बदललं की मेकॅनिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात एक कागद चिकटवतो. अमुक तारखेला बदललं, तमुक किलोमीटरला परत या. रेडिएटरच्या पाण्याची चौकशी पेट्रोल पंपावरचा पोरगाही करतो. टायरमधल्या हवेची काळजी तर अख्ख्या महाराष्ट्राला असते. शेजारून मोटारसायकलवर जाणारा अनोळखी गृहस्थ वेग कमी करून ‘मागलं उजवं बघा’ असं ओरडून पुढे जातो. पण मागच्या दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या बुडाखाली जो लोखंडी गोळा असतो आणि त्याच्या पोटात जे दीड-दोन लिटर तेल वर्षानुवर्षं पडून असतं, त्याची विचारपूस कोणी करत नाही. त्याचा दिवा डॅशबोर्डवर नाही. त्याची पट्टी ओढून पातळी बघायची सोय नाही. तेल खराब झालं तरी गाडी बरेच दिवस मुकाट चालते. मग एके दिवशी मागून ‘घूंऽऽ’ असा बारीक सूर लागतो, आणि आपण गाण्याचा आवाज वाढवतो.

त्या गोळ्याला पुस्तकात डिफरन्शियल म्हणतात, गॅरेजात क्राउन. दसऱ्याला बॉनेटला झेंडूचा हार पडतो, चाकांखाली लिंबं जातात, स्टिअरिंगला हळदकुंकू लागतं. क्राउनला मात्र आजवर कोणी फूल वाहिल्याचं ऐकिवात नाही.

भंडारदऱ्याला त्याचे हाल जरा जास्तच होतात. शेंडी गावातून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. घाटघरला आणि रतनवाडीला काल किती मिलिमीटर झाला हा आकडा नगर-नाशिकचे पेपर रोज छापतात, कारण खालच्या तालुक्यांतला ऊस त्यावर डोळे लावून बसलेला असतो. ओढे फरशीवरून वाहतात. गाडी चढ चढून आलेली, क्राउन तापलेला, आणि ती तशीच गार पाण्यात उतरते. आतली हवा एकदम आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. मग पुढचे दोन महिने ते पाणी आणि तेल क्राउनच्या दातांनी घुसळलं जातं. बाहेरून कशाचाही पत्ता लागत नाही.

आमचे मेव्हणे शेंडीत पर्यटकांसाठी जीप चालवतात. मागच्या चाकांवर चालणारी कुठलीही उंच गाडी ही तिथे जीपच. मेअखेरीपासून जूनपर्यंत काजवे, जुलै-ऑगस्टला धबधबे, थंडीत सांदण दरी आणि कळसूबाईच्या पायथ्याची बारी, असा त्यांचा वर्षभराचा धंदा. गाडीबरोबर ते माहितीही देतात. खरी माहिती असते तोवर खरी देतात. ती संपली की मागे हटत नाहीत. एकदा एका बाईंनी फांदीवरच्या पक्ष्याचं नाव विचारलं. मेव्हणे म्हणाले, ‘‘नाव ठाऊक नाय मॅडम, पण हा फक्त सोमवारी दिसतो.’’ तो दिवस सोमवारच होता, त्यामुळे वाद झाला नाही.

तर दसऱ्याच्या आधी त्यांच्या जीपच्या मागून तो सूर निघाला. गॅरेजवाल्याने दसरा उलटल्यावर या म्हणून सांगितलं. त्याच्या दारात गाड्यांची रांग. त्यावर मेव्हण्यांनी जे वाक्य उच्चारलं ते घरी गाडी उघडायला बसलेल्या प्रत्येक पुरुषाने कधी ना कधी उच्चारलेलं आहे: ‘‘दोन नट खोलायचे, दोन लावायचे. यात मेकॅनिक कशाला?’’ आणि माझ्याकडे वळून, ‘‘दाजी, तुम्ही फक्त टॉर्च धरा.’’

गाडीच्या कामात टॉर्च धरणं हे जावयाला देण्यासारखं मानाचं काम नाही, हे ज्यांनी धरला आहे त्यांना माहीत असतं. टॉर्च धरणाऱ्याचा हात कायम चुकीचा असतो. प्रकाश नटावर हवा तेव्हा तो पान्यावर असतो, पान्यावर हवा तेव्हा काम करणाऱ्याच्या डोळ्यात. शिवाय नट निघाला नाही तर दोष नटाचा नसतो, टॉर्चचा असतो.

पण त्याच्याही आधी तेल आणायचं होतं. मेव्हण्यांनी दुकानात जाऊन ‘नव्वद नंबर’ मागितलं. गिअरचं तेल सगळीकडे याच नावाने मागतात. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याने शंका काढली की इंजिनाला चाळीस नंबर चालतं आणि याला नव्वद, म्हणजे हे दुपटीहून घट्ट असणार. दुकानदारानेही मान डोलावली. खरं तर दोन्ही तेलांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. गिअरचं नव्वद आणि इंजिनाचं चाळीस-पन्नास ही घट्टपणात जवळपास सारखीच भरतात. पण नव्वद आकडा ऐकून घेणाऱ्याला जो भरवसा वाटतो तो चाळीसने वाटत नाही, आणि दुकानदार कशाला कोणाचा भरवसा मोडतोय?

खरा घोळ असतो तो डब्यावरच्या जीएल-चार आणि जीएल-पाच या अक्षरांत. क्राउनमध्ये पिनियनचे, म्हणजे लहान चक्राचे, दात मोठ्या चक्राच्या दातांवरून नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात, तेही प्रचंड दाबाखाली. साधं तेल त्या दाबात पिळून बाहेर पडेल. म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. ती लोखंडावर एक पातळ थर धरतात आणि दात दाताला भिडू देत नाहीत. जीएल-पाचमध्ये ती भरपूर असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात, आणि हे गंधक पितळेला सोसत नाही; तिथे बहुधा जीएल-चार सांगितलेलं असतं. दुकानदाराचं म्हणणं, ‘‘एकच न्या, दोन्हीकडं चालतं.’’ मेव्हण्यांनी गाडीच्या पुस्तकाचा फोटो मोबाईलवर आणला होता, म्हणून निभावलं.

आता गाडी उभी कुठे करायची? तेलाची पातळी बरोबर यायची तर गाडी सपाटीवर हवी, हा नियम लिहिणारा माणूस भंडारदऱ्याला आलेला नसणार. इथे सपाट अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जलाशयाचं पाणी. मेव्हण्यांनी घरामागच्या चराच्या दोन्ही अंगांना चाकं येतील अशी गाडी चढवली, म्हणजे माणूस चरात आणि गाडी डोक्यावर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. फक्त चरात पावसाळ्याचं उरलंसुरलं पाणी होतं आणि त्या पाण्यावर खेकड्यांचा आमच्याआधीचा ताबा होता.

गाडी तिरकी दिसतेय, असं प्रथम शेजारच्या गवंड्याला वाटलं. तो घरातून लेव्हलचा पाइप घेऊन आला. पारदर्शक, पाण्याने भरलेला, ज्याने भिंतीची पातळी बघतात तो. एक टोक त्याने पुढच्या चाकाशी धरलं, दुसरं मला धरायला लावलं. निकाल आला: मागलं डावं दोन सूत खाली. चाकाखाली चपटा दगड गेला. मग पुढलं उजवं उचललं गेल्याचा संशय आला. एकूण त्या जीपची लेव्हल ज्या बारकाईने काढली गेली तितक्या बारकाईने गावातल्या समाजमंदिराची निघाली असती, तर तिथल्या सतरंजीवर पाणी साचलं नसतं.

या गडबडीत माणसं जमली. आपल्याकडे उघडं बॉनेट आणि गाडीखालून आलेले दोन पाय दिसले की कोणाच्याही परवानगीची गरज उरत नाही. सगळ्यांत आधी आले नाना. नाना एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या बोलण्याची सुरुवात नेहमी एकाच ठिकाणाहून होते: एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून सुटली ती कुठं गेली? नगरला! जणू उरलेल्या महाराष्ट्राला एसटी ही नगर जिल्ह्याने वापरून झाल्यावर मिळाली. त्यांच्या मागोमाग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले पाटकरी आबा, त्यांच्यामागे शाळेचे गुरुजी, आणि मग ज्यांना काहीच काम नव्हतं ते.

‘‘काय करू राह्यला रे?’’ नानांनी वाकून विचारलं.

‘‘क्राउनचं तेल काढतोय नाना.’’ पाना खालच्या नटाला लागलेला होता.

‘‘थांब! हात लावू नको!’’

नाना इतक्या जोरात ओरडले की मेव्हण्यांचं डोकं सायलेन्सरवर आपटलं. पण ओरडणं रास्त होतं. या सगळ्या कामात नियम असा एकच आहे: आधी भरायचा प्लग खोलायचा, मगच सांडायचा. खालचा नट खोलून तेल सांडून टाकलं आणि मग वरचा निघालाच नाही, तर गाडीच्या पोटात थेंब नाही आणि घालायला वाट नाही. गॅरेजपर्यंत न्यायची तरी टोचन लावून, आणि तेव्हाही मागची चाकं फिरली की क्राउन कोरडा फिरणार.

वरचा प्लग अर्थातच निघत नव्हता. पाच पावसाळ्यांचा चिखल खाऊन तो हाउजिंगशी एकजीव झाला होता. एकाने छिनी आणि हातोडा सुचवला. नानांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी सेवाकाळात बरेच ड्रायव्हर सरळ केले असणार. तारेच्या ब्रशने कडा साफ झाल्या, रॉकेलऐवजी डिझेल सोडलं गेलं, पान्याच्या दांड्यावर हापशाचा जुना पाइप चढला. पाइप लांब, चर अरुंद. मेव्हणे आत वाकलेले, बाहेरून दोघं पाइप ओढणारे, आणि मी टॉर्चसह.

‘‘दाजी, नटावर मारा, नटावर!’’

‘‘नटावरच आहे.’’

‘‘मंग मला तुमचा अंगठा का दिसतोय?’’

त्यांना दिसत होता तो अंगठा नव्हता, खेकडा होता. तो त्यांच्या पायजम्याच्या नाडीपर्यंत पोचला होता. मेव्हणे ‘आयायाय’ करत उसळले, पाइपवरच्या दोघांना वाटलं की हा जोर लावायचा इशारा आहे, त्यांनी जीव खाऊन ओढलं, आणि ‘कट्’ असा आवाज होऊन प्लग सुटला. आटे शाबूत होते. श्रेय मिळालं ते पाइपवाल्यांना. खेकडा वहिनींनी कालवणात घेतला.

तेल गरम असताना सांडावं म्हणजे तळाचा गाळही बाहेर येतो, यासाठी मेव्हणे सकाळीच रंधा धबधब्यापर्यंत फेरी मारून आले होते. पण गाडी चढवणं, लेव्हल, नियम आणि प्लग यांत दुपार कलली, आणि रंध्याची सगळी ऊब निघून गेली. खाली गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापून ठेवला. मेव्हण्यांनी खालचा प्लग बोटाने फिरवत शेवटच्या आट्यावर आणला, हात चटकन बाजूला घेतला, आणि आबांनी काठावरून आरोळी ठोकली:

‘‘आवर्तन सुटलं!’’

हे फक्त त्यांनाच सुचू शकतं. त्यांची हयात कालव्यांची फाटकं उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं; ११ टीएमसी पाणी इथे साठतं आणि बहुतेक सगळं खाली जातं. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, कोणत्या चारीला आधी, हे प्रश्न नगर जिल्ह्याच्या उत्तरेत निवडणुकीपेक्षा जास्त मतं हलवतात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण इथे माणसं उन्हाळ्यात रोज जगतात. त्यामुळे कुठूनही काही वाहू लागलं की शेंडीच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे कोणाला जाणार.

‘‘किती क्युसेकनं चाललंय?’’ गुरुजींनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, कारण कॅनमध्ये जे उतरत होतं ते तेलासारखं दिसत नव्हतं. काळं नाही, पिवळं नाही. भरपूर दूध घातलेल्या कॉफीचा रंग, वर बारीक फेस.

नाना चरात उतरले. दोन बोटांत तेल घेऊन चोळलं, उन्हात धरलं, नाकाशी नेलं. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतो, त्यावरचं राखाडी, लोण्यासारखं गोळा झालेलं त्यांनी कागदावर पुसलं आणि नखाने पसरवलं. भोवतीच्या लोकांनी श्वास रोखला. ‘‘चुरा बारीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मैद्यागत लागला म्हंजे झीज, ती व्हायचीच. तुकडे लागले असते तर दात गेले होते. पण पाणी शिरलंय. कुठनं शिरलं?’’

आणि हाउजिंगच्या वरच्या अंगाला हात घालून त्यांनी एक नळी शोधली. तिला ब्रीदर म्हणतात. क्राउन तापला की आतली हवा फुगते, गार झाला की आकसते. तिला ये-जा करायला ही वाट. या वाटेवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, लिंपून, गुळगुळीत, आत अळीसकट. वरची वाट बंद झाल्यामुळे ओढ्यात उतरलेल्या क्राउनने ऑइल सीलच्या कडेने पाणी शोषलं. एका माशीने पावसाळाभर जीप पाजली होती. नानांनी सायकलची तार घालून वाट मोकळी केली. गवंड्याने मातीचा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि गिलावा चांगला आहे म्हणाला.

तेल निथळेपर्यंत मोकळा वेळ होता. अशा वेळी ज्ञान निघतंच. डिफरन्शियल करतो काय, असा विषय गुरुजींनी काढला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही एकाच दांड्याला जखडली तर एक घसटत जाईल. म्हणून मध्ये अशी दातेरी चक्रं, की एक मंद झालं तर तितकंच दुसरं जलद व्हावं. ओनेसिफोर पेकर या मुळात घड्याळजी असलेल्या फ्रेंच माणसाने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी याचं पेटंट घेतलं. म्हणजे पेट्रोलची मोटार जन्मायला अर्धं शतक अवकाश होता तेव्हा तिच्या वळण्याची सोय होऊन बसली होती. गुरुजींनी मोबाईलवर एक जुनी अमेरिकन फिल्मही दाखवली, १९३७ ची, शेव्हर्लेसाठी काढलेली; मोटारसायकलस्वारांची रांग कोपऱ्यावरून वळते आणि बाहेरच्याला पळावं लागतं, यावरून ती सगळं समजावते. नानांनी ती चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि ‘‘बरोबर सांगतोय’’ म्हणून पास केली.

आबांना ना फिल्म लागली ना फ्रेंच माणूस. ‘‘मंग हा ओझरचा बंधारा झाला,’’ ते म्हणाले.

संगमनेरजवळ ओझरला प्रवरा अडवून तिचे दोन कालवे काढले आहेत, डावा आणि उजवा. वरून येणारं पाणी एकच. डाव्याला कमी सोडलं की उजव्याला जास्त. क्राउनचं काम याहून वेगळं नाही. मात्र नानांनी एक पाचर मारली. ‘‘आबा, फिरणं कमी-जास्त वाटून देतो, पण जोर दोघांना सारखाच देतो. आणि तो किती? तर ज्याचं चाक नेट धरत नाय त्याला पेलंल तेवढाच. एक चाक चिखलात गेलं की ते गरागरा फिरतं. दुसऱ्याच्या पायाखाली चांगला खडक असून ते जागचं हालत नाय.’’

हे अगदी खरं आहे. जीप अशी अडकली की लोक म्हणतात एकाच चाकाला पॉवर जातेय. यंत्र दोघांना समानच वागवतं. पण चिखलातल्या चाकाला काडीचा नेट लागत नाही, म्हणून खडकावरच्यालाही काडीइतकाच मिळतो. समानतेची इतकी काटेकोर अंमलबजावणी सरकारलाही जमलेली नाही. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मंग बंधारा नाय, आख्खं खातंच आहे. ज्याचं फाटक मोडकं, त्याच्याच चारीला पाणी.’’

‘‘आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या. हे सगळं जाणार,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘वीज आली म्हणून वळणं सरळ होणार का?’’ नानांनी विचारलं. आणि त्यांचं बरोबर होतं. विजेच्या बहुतेक गाड्यांत मोटारीपुढे चक्रांची पेटी असते, तिच्यात डिफरन्शियल असतो, आणि त्यात तेलही असतं. माझ्या शहरी गाडीचं इंजिन पुढे आणि ती चालतेही पुढच्याच चाकांवर, म्हणून गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात नांदतात. गुरुजींनी ती पेटी उघडून बघण्याची इच्छा व्यक्त केली. मी विषय बदलला.

खालचा प्लग नव्या तांब्याच्या वॉशरसह बसला. आता भरायचं. इथे निसर्गाने नव्हे, इंजिनिअरने माणसाची परीक्षा घेतली आहे. भरायचं भोक वर नसतं, आडवं असतं, हाउजिंगच्या अंगाला, गाडीच्या बुडाखाली. डबा तिथवर जात नाही. गेला तरी वाकडा होत नाही. गॅरेजात त्यासाठी पिचकारी असते. आमच्याकडे उंबराचं झाड होतं आणि गवंड्याचा पाइप. तो नको नको म्हणेपर्यंत त्यातलं पाणी ओतून, आत चिंधी फिरवून, त्याचं एक टोक भोकात गेलं आणि दुसरं फांदीवर. राहिलं फक्त नरसाळं.

‘‘स्वैपाकघरातलं नाय मिळायचं,’’ वहिनींनी दारातूनच सांगितलं. मग पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळं झालं. मेव्हण्यांनी डब्याचं बूच काढलं आणि गंधकाचा तो वास सुटला. हा वास कसा असतो ते ज्याला माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला तो आत्ता हे वाचतानाही आला असेल. तो हाताला लागला की साबणाने जात नाही, रांगोळीने जात नाही, लिंबाने नुसता लिंबाचा होतो. चुलीजवळ बसलेल्या आत्याबाईंनी सिलिंडर तपासायला सांगितलं. घरात गॅस चालू नव्हता.

नव्वद नंबरला घाई माहीत नाही. पाइपमधून ते असं उतरत होतं की बघणाऱ्याला उतरतंय की नाही याची पैज लावावीशी वाटे, आणि लागल्याही. बादलीत गरम पाणी घेऊन डबा त्यात बसवला तेव्हा ते जरा मवाळ झालं. किती भरायचं याचा आकडा पुस्तकात असतो, पण खरं माप ते भोकच आहे: भरत राहायचं, तेल काठाशी येऊन बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं. नानांनी करंगळी आत घालून खात्री केली. पाणी शिरलेलं असल्यामुळे त्यांचा सल्ला होता की ही भरणी आठवडाभर चालवा, गाडी तापू द्या, मग परत सांडून नवं भरा. कोपऱ्यांत दडलेलं पाणी तेव्हा निघेल.

‘‘परत?’’ वहिनींनी विचारलं. तोवर चहाची तिसरी फेरी झाली होती.

आणि मग खरा तंटा सुरू झाला. कॅनमधल्या जुन्या तेलाचा. ते ओढ्यात किंवा जमिनीत ओतायचं नाही यावर एकमत होतं. खालच्या विहिरी सगळ्यांच्याच. पण गावात जुन्या तेलाला नव्याहून जास्त मागणी असते. कोणाला वाळवी लागलेल्या गोठ्याच्या खांबाला हवं होतं, कोणाला कुंपणाच्या दांड्यांना, कोणाला फाटकाच्या बिजागरीला. आमच्या नकळत माणसं घरी जाऊन बाटल्या घेऊन आली होती. तेल दीडेक लिटर, बाटल्या ओट्यावर मावेनात.

गवंड्याचं म्हणणं, पाइप माझा, पहिला हक्क माझा. शिवाय पाइप आता भिंतीला लावायच्या लायकीचा राहिला नाही. पाइप ओढणाऱ्या दोघांनी श्रमाचा मुद्दा काढला. नानांनी बजावलं की यात पाणी आहे, लोखंडाला लावू नका, गंजेल, लाकडालाच चालेल. त्याबरोबर फाटकवाले बाद होतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आपलं फाटक लाकडीच असल्याचं सांगितलं. मग गुरुजींनी २००५ च्या कायद्याचा आणि समन्यायी वाटपाचा दाखला दिला. त्या कायद्याने इथलं पाणी जायकवाडीला सोडावं लागतं, त्यामुळे ‘समन्यायी’ ऐकताच दोघंतिघं एकदम उठून उभे राहिले. अखेर वाटप आबांकडे गेलं. त्यांनी बाटल्या रांगेत लावल्या, चहाच्या कपाने मापं टाकायला सुरुवात केली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीप्रमाणे वरच्या बाजूने मोकळ्या हाताने सोडत आले. रांगेच्या शेवटी टपरीवरचा पोरगा होता. त्याच्यापर्यंत कॅनला फक्त ओल उरली.

‘‘टेलला पाणी पोचत नाय बाबा,’’ आबा त्याला म्हणाले. ‘‘पुढच्या आवर्तनाला अर्ज कर.’’

पोराने अर्ज केला नाही. त्याने तो रिकामा कॅनच उचलून नेला आणि संध्याकाळपर्यंत निथळत ठेवला. त्याच्या टपरीचा खांब सगळ्यांत आधी काळा झाला.

दसऱ्याला जीप धुतली, हार पडला, आणि दुपारीच पुण्याचं एक कुटुंब रतनवाडीच्या अमृतेश्वराला निघालं. मी पुढे बसलो होतो. मागून येणारा सूर थांबला होता. पण हाउजिंगवर जे तेल सांडलं होतं ते तापायला लागलं, आणि घाटात गंधकाचा तो वास गाडीत भरला. मागच्या सीटवरच्या काकूंनी रुमाल नाकाला लावला.

‘‘अहो, हा वास कसला येतोय?’’

मेव्हण्यांनी आरशात पाहिलं, गिअर बदलला आणि खालच्या जंगलाकडे हात केला.

‘‘हिरड्याचा आहे काकू. आमच्या अकोल्याच्या डोंगरात लई. हिरडा वाळत घातला की याच दिवसांत सुटतो. पोटाला एकदम चांगला.’’

काकूंनी रुमाल खाली घेतला. मग नवऱ्याला आणि दोन्ही मुलांना, काचा खाली करायच्या आत, दीर्घ श्वास घ्यायला लावला.